आय्तु साहेब, तिप्पाळ

३ सप्टेंबर

पद्मा वर्गात नेहमीसारखी उशिरा आली. मी नुसतं "बस" म्हटलं, तर बॅग खाली ठेवत ती म्हणाली, "आय्तु मॅडम, तिप्पाळ!" अठराच्या अठरा जण हसले. 'आय्तु' म्हणजे झालं, बरं, ठीक. हुबळी-धारवाडात राहणाऱ्या कुणालाही ते सांगावं लागत नाही. पण तिप्पाळ?

मी खडू ठेवून विचारलं. "मस्त असं, मॅडम." "नाही मॅडम, संपलं, गेलं असं." "भारी माणूस." "येडा माणूस." "आता तुमचं तुम्ही बघा, असं." तास संपेपर्यंत फळ्यावर अकरा अर्थ झाले. त्यांतले चार एकमेकांच्या बरोबर उलटे होते. 'केंपु मोटार' नावाच्या कन्नड सिनेमातला शब्द आहे म्हणे. नायक ट्रॅक्टर चालवतो आणि प्रत्येक भांडणानंतर हे म्हणतो.

धारवाडहून घरी येताना चिगरी बसमध्ये पुढच्या सीटवर नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलं होतं. शेवटी नवरा म्हणाला, "आय्तु, तिप्पाळ." बायकोनं खिडकीकडे तोंड फिरवलं. ती हसली की रडली, ते मला मागून दिसलं नाही.

हे टिपायला हवं, म्हणून ही वही. डिसेंबरात चर्चासत्र आहे, त्यात निबंध वाचता येईल. तेरा वर्षं मी भाषाशास्त्राची गेस्ट लेक्चरर आहे. तेरा वर्षांत दुसऱ्यांच्या पुस्तकांची परीक्षणं सोडली तर माझ्या नावावर काही नाही.

९ सप्टेंबर

सिनेमा पाहिला. एकटीनं जायला कसंतरी वाटत होतं म्हणून अप्पांना घेऊन गेले. रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली, आई जाऊन सहा. आई गेल्यापासून ते थिएटरात आले नव्हते.

मोजदाद अशी: नायक तो शब्द चौदा वेळा बोलतो. दोनदा मित्राला, एकदा आईला, एकदा म्हशीला, उरलेल्या दहा वेळा ठेकेदाराला आणि त्याच्या माणसांना. आईला म्हणतो तेव्हा आई त्याच्या पाठीवरून हात फिरवते. ठेकेदाराला म्हणतो तेव्हा ठेकेदार त्याचा ट्रॅक्टर पेटवून देतो. म्हशीची प्रतिक्रिया स्पष्ट नाही.

"अप्पा, तुम्हाला काय अर्थ लागला?" परतताना मी विचारलं.

"कोण कुणाला म्हणतोय ते बघायचं," ते म्हणाले. "अर्थ कशाला बघतेस?"

अप्पा सातवीपर्यंत शिकलेत, त्यामुळे संज्ञा माहीत नाहीत. पण निरीक्षण चांगलं आहे. घरी आल्यावर 'श्रोतृसापेक्ष' असा शब्द लिहून ठेवला.

१७ सप्टेंबर

नमुने बासष्ट झाले. आजचे कमरीपेठेतले.

आमच्या कोपऱ्यावर लक्कव्वा गिरमिट विकते. चुरमुऱ्याचा पुडा हातात देताना ती म्हणाली, "तिप्पाळ."

"म्हणजे काय गं, लक्कव्वा?"

"म्हणजे खा."

तेवढ्यात एक जण मिरची फार पडली म्हणून पुडा परत घेऊन आला. लक्कव्वानं त्याच्याकडे न बघता कांदा चिरत म्हटलं, "तिप्पाळ."

"आणि हे?"

"हे म्हणजे जा."

व्याकरणाचं काही हाती लागत नाही. अनेकवचन नाही. विभक्ती लागत नाही. मी शिंपी विठ्ठलरावांना "तिप्पाळांनो" असं म्हणून दाखवलं तर त्यांनी हसू आवरत मशीन थांबवलं. "तिप्पाळ नाही" असंही कुणी म्हणत नाही. नकार न घेणारा शब्द नेमका कोणत्या वर्गात घालायचा? विशेषण धरावं तर विशेष्य सापडत नाही. क्रियापद धरावं तर काळ नाही. कधी कधी शंका येते की हा शब्दच नसावा. पण मग मी दोन आठवडे कशाच्या मागे फिरतेय?

२२ सप्टेंबर

सिनेमाच्या संवादलेखकाचा नंबर मिळाला. फार चांगले बोलले. म्हणाले, "मॅडम, मी लिहिलेलंच नाही ते. नटानं ऐन वेळी टाकलं. त्याला विचारलं तर म्हणाला, माझे आजोबा म्हणायचे. आजोबांच्या गावी शूटिंग होतं, तिथं विचारलं, तर कुणी कधी ऐकलेलं नव्हतं."

म्हणजे शब्द लेखकाचा नाही, नटाचा नाही, आजोबांचाही बहुधा नाही. इतकी गोंधळलेली मी पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेतही नव्हते.

२७ सप्टेंबर

पेपरात माझ्या संशोधनाची चौकट आली. 'तिप्पाळचा शोध घेणाऱ्या सुकन्या मॅडम.' फोटोत डोळे मिटलेत. तरी विभागप्रमुखांनी आज पहिल्यांदाच चहा विचारला.

४ ऑक्टोबर

आज मला न्यायला गाडी आली होती!

गोकुळ रोडवर व्हॉल्व्ह तयार करणारा एक कारखाना आहे. तिथल्या कर्मचारी विभागाचे अधिकारी किरण यांनी पेपरातली चौकट वाचून परवा फोन केला होता. तरुण आहेत, अतिशय नम्र. मला "प्रोफेसर" म्हणतात. मी गेस्ट आहे असं सांगणार होते, पण ते इतकं भराभर बोलतात की राहून गेलं.

प्रकरण असं. नागेश नावाचा कामगार. २६ ऑगस्टला सकाळी मशीन शॉपसमोर चाळीसेक जणांच्या देखत तो प्लांट मॅनेजर पद्मनाभ यांना म्हणाला, "आय्तु साहेब, तिप्पाळ." त्या दिवसापासून तो निलंबित आहे आणि खात्यांतर्गत चौकशी चालू आहे. मला एवढंच लिहून द्यायचं आहे की हा शब्द अपमानास्पद असू शकतो का.

"त्याच्या आधी काय बोलणं झालं होतं?" मी विचारलं. वाक्याला मागचा-पुढचा संदर्भ लागतोच.

"ते प्रकरण वेगळं आहे, मॅडम. त्याचा भाषेशी संबंध नाही. आम्हाला तुमच्याकडून शुद्ध भाषेचंच हवंय."

शुद्ध भाषेचं. विद्यापीठातसुद्धा मला असं कुणी म्हटलेलं नाही.

त्यांनी कारखाना दाखवला. ओळीनं मशिनं चालू होती. एकावर ताडपत्री टाकून दोरीनं बांधलेली होती. "हे बंद आहे?" म्हटलं तर "मेंटेनन्स" म्हणाले आणि मला कँटीनकडे नेलं. तिथं मी कान देऊन बसले होते, पण अख्ख्या कँटीनमध्ये एकानंही तिप्पाळ म्हटलं नाही. शहरभर पसरलेला शब्द इथंच का नसावा? व्याप्तीच्या नकाशात कारखाना कोरा सोडावा लागणार.

५ ऑक्टोबर

अप्पांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, खूश होतील.

"तो काय काम करतो?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही."

"त्याच्या आधी मॅनेजर काय म्हणाला?"

"ते मुद्दाम सांगितलेलं नाही अप्पा. त्यामुळे मत निःपक्षपाती राहतं."

"आणि पोराला त्याच्या बाजूनं कोण हाय?"

"त्याचा भाषेशी काय संबंध?"

अप्पा उठले आणि कुंड्यांना पाणी घालायला लागले. पाणी त्यांनी सकाळीच घातलं होतं. हल्ली विसरतात. साखर तपासून घ्यायला हवी.

१२ ऑक्टोबर

सापडलं!

इतके दिवस मी 'तिप्पट' या मराठी शब्दाकडे बघत होते. मायाळ, खट्याळ तसा तिप्पाळ, म्हणजे तिपटीनं भारी. महेश नावाचा विद्यार्थी कन्नड 'तिप्परलाग'वरून, म्हणजे कोलांटउडीवरून आला म्हणत होता. दोन्ही पटत नव्हतं. आज बसमधून उतरताना एकदम उजेड पडला. कन्नडात तिप्पे म्हणजे उकिरडा. आळु म्हणजे मजूर, गडी. तिप्पे अधिक आळु. उकिरड्यावरचा मजूर!

सगळं जुळतं. ठेकेदार का पेटला, ते कळतं. आई का पेटली नाही, ते तेवढंसं कळत नाही, पण आईच्या बाबतीत अर्थपालट झाला असं म्हणता येईल.

जेवताना अप्पांना सांगितलं. त्यांनी भाकरी ताटात ठेवली.

"माझा बाप तिप्पेवरच कामाला होता," ते म्हणाले. "गाडा ओढायचा. तुला सांगितलंय मी."

"म्हणूनच तर अप्पा! हा शब्द म्हणजे आपल्या माणसांचा अपमान आहे. आणि अख्खं गाव तो हसत हसत बोलतंय."

"त्याला बक्कळ नावांनी हाका मारायचे लोक. मी सगळ्या ऐकल्यात. हे नाव त्यात नव्हतं."

"लिखित पुरावा नसेल, पण—"

"लिखित कशाला पाहिजे? मी होतो की तिथं."

मला वाईट वाटलं. आजोबांच्या बाजूनं कुणीतरी पहिल्यांदाच शास्त्रीय पायावर बोलतंय आणि अप्पांनाच ते नको आहे. कदाचित जुन्या आठवणी नको वाटत असतील. मी विषय वाढवला नाही.

१६ ऑक्टोबर

अहवाल दिला. इंग्रजीत, अकरा पानं, तळटिपा एकतीस. नऊ व्युत्पत्ती तपासल्या आहेत, त्यांत उकिरड्याची सातवी. 'शक्यता आहे' हा शब्दप्रयोग मी प्रत्येक ठिकाणी केला आहे. किरण म्हणाले, "मॅडम, हे तर पुस्तक झालं!"

२९ ऑक्टोबर

दिवाळी होऊन गेली. वही उघडावीशी वाटत नव्हती, पण आजचं लिहून काढते. नाहीतर डोक्यात तसंच फिरत राहील.

सकाळी दार वाजलं. तिशीची एक बाई, खांद्याला पिशवी. "सुकन्या मॅडम तुम्हीच का? मी सरिता. नागेशची बायको. अळणावरकडनं आलेय."

कोण नागेश, हे ध्यानात यायला मला एक क्षण लागला. याची आता लाज वाटते.

तिनं पिशवीतून कागद काढले. नागेशच्या आरोपपत्राबरोबर जोडलेले. त्यातलं एक पान माझं होतं. अकरांपैकी एकच.

"मला वाचाय येतंय अक्का, मराठी बी, कन्नड बी. हे इंग्लिश न्हाई येत. ह्यांना बी न्हाई. गावात मास्तरांना दाखवलं, तर ते म्हणाले, शब्द अवघड हैत. मग म्हटलं, लिहिलंय त्यांच्याकडंच जावं. तेवढं वाचून सांगा. मी ध्यानात ठिवते आन ह्यांना सांगते."

ती रागावलेली नव्हती, हे इथं लिहायला हवं. एखाद्या औषधाची चिठ्ठी वाचून घ्यायला यावं, तशी आली होती.

मी माझंच पान मराठीत वाचायला लागले. "या शब्दाचं मूळ उकिरडा आणि मजूर या दोन कन्नड शब्दांत असण्याची शक्यता आहे. तसं असल्यास जाहीर ठिकाणी वरिष्ठाला उद्देशून केलेला त्याचा वापर हा गंभीर अपमान ठरतो." दोन्ही वाक्यांखाली कुणीतरी लाल शाईनं रेघ ओढली होती. पहिल्यातली 'शक्यता' तेवढी रेघेतून वगळली होती. दुसऱ्यातलं 'तसं असल्यास' रेघेबाहेर होतं.

"म्हंजे ह्यांनी साहेबांना उकिरड्यावरचा मजूर म्हटलं?"

"तसं असल्यास."

"पण अक्का, मजूर तर हेच हैत." ती खरंच समजून घेत होती. "साहेबाला मजूर म्हटलं तर शिवी. मग ह्यांना रोज म्हणत्यात, ते काय?"

 तेरा वर्षांत वर्गात असा प्रश्न कुणी विचारलेला नाही.

अप्पा चहा घेऊन आले आणि तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले. "त्या दिवशी काय झालं, ते पहिल्यापासून सांग, बाळ."

तिनं सांगितलं. नागेश आणि गणपत शेजारच्या मशिनांवर. गणपत कलघटगीचा. एकोणीस ऑगस्टला गणपतच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. हात आत जाऊ नये म्हणून असलेली मशीनची जाळी जागेवर नव्हती. अपघाताच्या वहीत काही लिहू नका, असं वरून सांगणं आलं. नागेशनं लिहिलं. मग सव्वीसला पद्मनाभ साहेबांनी सगळ्यांना उभं करून एक कागद वाचून दाखवला, की अपघात कामगाराच्या स्वतःच्या चुकीनं झाला. वाचून झालं आणि नागेशच्या तोंडून ते गेलं.

ताडपत्री कोणत्या मशीनवर होती, ते मी तिला विचारलं नाही.

३० ऑक्टोबर

किरण यांना फोन केला. एकच पान का जोडलं? ते तितकेच नम्र. "मॅडम, पूर्ण अहवाल आमच्या रेकॉर्डला आहेच. चौकशीला फक्त निष्कर्ष लागतो."

"तो निष्कर्ष नव्हता. तो मुद्दा सात होता."

"बाकीच्या मुद्द्यांतून तर काहीच निघत नाही, मॅडम."

हे मात्र खरं आहे. मी फोन ठेवला. माझं नेमकं काय चुकलं? एकही वाक्य खोटं नाही. एकतीस तळटिपांपैकी एकही चुकीची नाही. तरी सरिता गेल्यापासून ते पान मला दुसऱ्या कुणाच्या तरी अक्षरातलं वाटतंय, आणि ते तर टाइप केलेलं आहे.

२ नोव्हेंबर

अप्पा म्हणाले, "तुला आता एकच करता येतं. नागेशनं तुला त्याच्या बाजूची साक्षीदार म्हणून बोलवायचं. तसा अर्ज चौकशी अधिकाऱ्याला द्यायचा. त्याला नाही म्हणता येत नाही. म्हटलं तर तेही लिहून द्यावं लागतं."

"तुम्हाला हे कसं माहीत?"

"वर्कशॉपात चौकशी लागली की कामगाराच्या बाजूला एक जण बसायचा असतो. त्याच्यासारखाच कामगार. मी बसायचो."

"किती वेळा?"

"मोजलं नाही. वीस-बावीस वर्षं बसलो."

लहानपणी आई "अप्पा मिटिंगला गेलेत" म्हणायची. मला वाटायचं, मिटिंग म्हणजे विहारातली. मी कधी विचारलंच नाही. वाक्यांचे नमुने गोळा करत मी शहरभर फिरते, आणि घरातल्या माणसाला कधी पुढचा प्रश्न केला नाही.

अप्पांनी नागेशला फोन लावला. दोघं कन्नडात बराच वेळ बोलले. अप्पांचा आवाज मला ओळखू येत नव्हता. मुद्दे सांगताना ते एकदाही अडखळले नाहीत.

१२ नोव्हेंबर

आज साक्ष झाली. जसं झालं तसं लिहिते.

कँटीनच्या मागची खोली. चौकशी अधिकारी दत्तात्रेय म्हणून एक निवृत्त वकील. कंपनीच्या बाजूनं किरण. समोर नागेश आणि त्याच्या शेजारी त्याचा एक सहकामगार. अप्पांना आत सोडलं नाही, ते गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसून राहिले. नागेशला मी पहिल्यांदा पाहिलं. बारीक, इस्त्रीचा शर्ट, हात मांडीवर उलटे ठेवलेले. मी महिनाभर ज्याच्या वाक्याचा अभ्यास केला, तो असा दिसत असेल असं वाटलं नव्हतं. खरं तर कसा दिसत असेल, असा विचारच केला नव्हता.

किरण यांनी ते पान माझ्यापुढे ठेवलं. "ही सही तुमचीच?"

"हो."

"मग तिप्पाळ ही शिवी आहे. हो की नाही?"

"मला माहीत नाही."

"मॅडम, तुम्ही लिहून दिलंय."

"मी नऊ शक्यता लिहिल्या होत्या. तुम्ही एक जोडली. बाकीच्या आठही तितक्याच कच्च्या आहेत."

"मग तुम्ही तज्ज्ञ कशाच्या?" ते हसून म्हणाले. या वेळी त्यांनी मला प्रोफेसर किंवा मॅडम काही म्हटलं नाही.

 त्या क्षणी खोटं नसलेलं एवढंच आठवलं. मी म्हणाले, "मी गेस्ट लेक्चरर आहे. मी दोन महिने शहरात हा शब्द कुठे कुठे म्हणतात ते लिहून घेतलं. गिरमिटवालीपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांना विचारलं, तुम्हाला काय म्हणायचंय. ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, त्या माणसाला तेवढं विचारलं नाही. ते मला करायला हवं होतं."

दत्तात्रेय मग स्वतःच नागेशकडे वळले. "सांगा. तुम्हाला काय म्हणायचं होतं?"

नागेश उभा राहिला. "काय म्हणायचं हुतं ते मला बी ठाऊक न्हाई, साहेब. ते कागद वाचत हुते. गणपतची चूक, गणपतची चूक, असं. मी तिथं हुतो. त्याची बोटं मीच फडक्यात गुंडाळून दवाखान्यात न्हेली. मशीनला जाळी न्हवती. ती का न्हवती, ते सगळ्यांनाच ठाऊक हुतं आन कोण बोलेना. मला बोलायचं हुतं. पर शब्द यायला पायजे का न्हाई? आला न्हाई. काय तरी बाहेर पडलं, ते ते पडलं."

खोलीत टाइप करणारा माणूस थांबला होता. किरण म्हणाले, "सर, जाळीचा मुद्दा या चौकशीच्या कक्षेत नाही. तो नोंदवू नये."

 मला वाटलं, झालं, आता दत्तात्रेयही म्हणतील की याचा भाषेशी संबंध नाही. पण ते टाइप करणाऱ्याला म्हणाले, "त्यांनी सांगितलं तसं घ्या. शब्द बदलू नका."

बाहेर आले तेव्हा अप्पांनी विचारलं, "काय म्हणालीस?"

"मला माहीत नाही, असं म्हणाले."

"बास की," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी एक चहा सांगितला.

५ डिसेंबर

निकाल लागला. सरिताचा फोन होता. शिवीचा आरोप सिद्ध झाला नाही. 'शिस्तीला न शोभणारं वर्तन' सिद्ध झालं. नागेशला कामावर घेतलंय, लेखी ताकीद देऊन. पण त्याला पॅकिंग विभागात टाकलंय, मशिनांपासून लांब. "खूश व्हायचं का न्हाई कळंना, अक्का," ती म्हणाली. मलाही कळलं नाही, तसंच सांगितलं.

चौकशीच्या कागदांची एक प्रत कायद्यानं नागेशला मिळाली आहे. अठराव्या पानावर त्याचं बोलणं जसंच्या तसं आहे. आता ते कुणाला खोडता येणार नाही, असं अप्पा म्हणतात.

चर्चासत्रातून मी निबंध मागे घेतला. आयोजकांनी कारण विचारलं. 'अर्थ निश्चित होऊ शकला नाही' असं कळवलं. एकशेचौदा नमुने कपाटात ठेवलेत. शब्दही ओसरत चाललाय. पद्मा आता उशिरा आली की नुसतं "सॉरी" म्हणते.

१४ डिसेंबर

आज गणपत आले होते. नागेशनं पाठवलं. चाळिशी ओलांडलेली, आवाज अगदी खालचा. उजवा हात त्यांनी आधी शालीत ठेवला होता, मग बसल्यावर बाहेर काढला. तर्जनी आणि मधलं बोट नाही.

"पेन धरता येत नाही, मॅडम. कारखाने खात्याला अर्ज द्यायचाय. नागेशचं अठरावं पान जोडायचंय. तुम्ही लिहून द्याल का? तुमचं काही घालू नका. मी सांगतो तेवढंच."

अर्ज कन्नडात लिहायचा होता. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. एका ठिकाणी मी थांबले. ते म्हणाले होते, मशीनची जाळी काढली.

"तेगेदरु असंच लिहू?" मी विचारलं. "म्हणजे कामगारांनी काढली, असा अर्थ होईल."

"हातानं आम्हीच काढली."

"तुमच्या मनानं?"

 ते हळू म्हणाले, "नाही. काम जोरात व्हावं म्हणून काढायला लावली. तेगेसिदरु."

मध्ये एक 'सि' आला. कन्नडात तेवढ्यानं भागतं: काढली याचं काढायला लावली होतं. हे मी वर्गात दर वर्षी शिकवते, फळ्यावर झाड आणि फांदीचं उदाहरण घेऊन.

"कुणी लावली?" मी विचारलं.

त्यांनी नाव सांगितलं. मग लगेच कोपऱ्यात बसलेल्या अप्पांकडे पाहिलं.  गणपतनी नाव पुन्हा एकदा सांगितलं, या वेळी हुद्द्यासकट. मी लिहिलं. त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी तेवढी ओळ परत वाचायला सांगितली. मी परत वाचली.

सही त्यांनी डाव्या हातानं केली. अजून सवय झालेली नाही. एकेक अक्षराला वेळ लागत होता आणि कागद सारखा सरकत होता. मी दोन्ही हातांनी तो टेबलावर दाबून धरला.